नाटककार सुषमा देशपांडे

सुषमा देशपांडे हे नाव उच्चारले की पाठोपाठ ‘व्हय, मी सावित्रीबाई’ येते, आणि त्या नाटकाविषयी बोलणे सुरू झाले की बोलणारा माणूस बहुधा तीन गोष्टी सांगतो. बाईंनी एकटीने हा प्रयोग वर्षानुवर्षे केला, तो खेड्यापाड्यांत नेला आणि त्यातून सावित्रीबाई फुले हजारो माणसांपर्यंत पोचल्या. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांत सगळे कौतुक कष्टांचे, निष्ठेचे आणि विषयाचे आहे. हे नाटक कोणीतरी लिहिले आहे, त्याची रचना कोणीतरी विचारपूर्वक केली आहे, कुठे थांबायचे आणि कोणाच्या तोंडी काय घालायचे याचे निर्णय एका नाटककाराने घेतले आहेत, ही गोष्ट मात्र कोणी फारशी बोलत नाही. अभिनेत्री म्हणून त्यांचा मान आहे, कार्यकर्ती म्हणूनही आहे. नाटककार हा शब्द त्यांच्या नावाआधी क्वचित येतो. या प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे. सुषमा देशपांडे यांचे काम आधी नाटककाराचे काम म्हणून वाचले पाहिजे, आणि त्यांचे अभिनेत्री असणे ही त्या लेखनाशेजारची वेगळी कामगिरी नसून तीच त्यांची लिहिण्याची पद्धत आहे. रंगमंचावर उभे राहून ‘मी’ म्हणण्याची जी ताकद नटीकडे असते, तिच्यातून त्यांनी एक नाट्यप्रकार घडवला. आणि तो वापरला तो अशा स्त्रियांसाठी, ज्यांना महाराष्ट्र कुणाची तरी बायको, आई किंवा दासी म्हणूनच ओळखत आला.

लिहिणे आणि रंगमंचावर उभे राहणे या दोन गोष्टी मराठी स्त्रीच्या वाट्याला एकत्र आल्याच नाहीत, किंवा आल्या तेव्हा त्यांतली एकच लक्षात राहिली, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हापासून पुढची कित्येक दशके मुख्य प्रवाहातल्या नाटक मंडळ्यांत स्त्री-भूमिका पुरुषच करत. हिराबाई पेडणेकरांनी 1904 च्या सुमारास ‘जयद्रथ विडंबन’ लिहिले. पुढे त्यांचे ‘संगीत दामिनी’ केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शने 1912 मध्ये रंगभूमीवर आणले. मराठीतल्या आद्य स्त्री-नाटककारांत गणल्या जाणाऱ्या या बाई गाण्यात तयार होत्या, भास्करबुवा बखल्यांकडे शिकलेल्या होत्या. तरी त्यांचे आयुष्य पुढच्या पिढ्यांना कळले ते मुख्यतः वसंत कानेटकरांच्या ‘कस्तुरीमृग’मधून, म्हणजे एका पुरुष नाटककाराच्या लेखणीतून. नाट्यमन्वंतर या संस्थेने 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ केले आणि त्यात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रियांनी स्त्री-भूमिका केल्या. मराठी रंगभूमी बदलल्याची खूण म्हणून तो प्रयोग आजही सांगितला जातो. याच ज्योत्स्नाबाईंनी पुढे ‘आराधना’ हे नाटक लिहिले. त्यांचे गाणे आणि ‘कुलवधू’मधली भूमिका सगळ्यांना ठाऊक असते, ‘आराधना’ फार थोड्यांना. ‘कुंकू’ चित्रपटात भूमिका केलेल्या शकुंतला परांजपे यांनीही नाटके लिहिली. त्या लक्षात राहिल्या त्या संततिनियमनाच्या कामामुळे आणि ‘कुंकू’मुळे. नटी लिहू लागली की तिचे लेखन तिच्या इतर कामाखाली दबते, ही सवय जुनी आहे आणि ती अजून गेलेली नाही.

‘व्हय, मी सावित्रीबाई’ 1989 मध्ये आले. हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्याआधीच्या वर्षी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले होते. 1989 मध्येच ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ आले आणि आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या कामाची नोंद पहिल्यांदा इतक्या तपशिलाने पुस्तकात आली. काही वर्षे आधी, 1983 मध्ये, ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ स्त्रीमुक्ती संघटनेने रस्त्यारस्त्यांवर नेले होते. म्हणजे स्त्रियांचा इतिहास शोधण्याची आणि तो सभागृहाबाहेर बोलण्याची तयारी त्या दशकात झालेली होती. सुषमा देशपांडे यांचे नाटक या हवेत जन्मले, हे कोणी नाकारणार नाही. तरी हवा सगळ्यांसाठी सारखी असते आणि नाटक एखादीच लिहिते. ‘मुलगी झाली हो’मध्ये गाणी आहेत, समूह आहे, विनोद आहे, आणि प्रश्न सगळ्या बायकांचा म्हणून मांडलेला आहे. सुषमाबाईंनी नेमका उलटा रस्ता धरला. त्यांनी समूह काढून टाकला, एकच बाई ठेवली आणि तिला तिच्या स्वतःच्या आयुष्याविषयी बोलायला लावले. ही निवड रचनेची निवड आहे, आणि ती सोपी नव्हती. कारण सावित्रीबाईंच्या आयुष्यात इतकी माणसे, इतक्या संस्था आणि इतके संघर्ष आहेत की कोणाही नाटककाराला वीस पात्रांचे ऐतिहासिक नाटक लिहिण्याचा मोह झाला असता.

त्या सामग्रीकडे नटीच्या नजरेने पाहिले की वेगळेच काही दिसते, आणि माझ्या मते या नाटकाचे मूळ तिथे आहे. सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत: 1856 चे आणि 1868 चे नायगावहून, 1877 चे ओतूरहून. पहिले पत्र आजारपणात माहेरी गेल्या असतानाचे आहे. त्यात भावाने काय ऐकवले आणि आपण त्याला काय उत्तर दिले, हे त्या सांगतात. महार-मांगांना शिकवण्याच्या कामावरून भाऊ बोल लावतो, बहीण त्याला समजावते, आई ऐकते आहे. दुसऱ्या पत्रात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांना गावकरी मारायला निघाले असताना सावित्रीबाई मध्ये पडल्या, त्याची हकिकत आहे. तिसऱ्या पत्रात दुष्काळ आहे. ही पत्रे म्हणजे प्रसंगांची तयार टिपणे आहेत: एक बाई उभी आहे, तिच्यासमोर विरोधक आहे, आजूबाजूला गाव आहे, आणि त्या बाईला सगळ्यांचे बोलणे स्वतःच्या बोलण्यातून सांगता येते. इतिहासकार या पत्रांतून घटना काढून घेईल, तारखा लावील, ते त्याचे काम आहे. नटीला त्यांत बोलणारा आवाज ऐकू येतो. एकाच व्यक्तीने स्वतःच्या तोंडून भावाला, आईला, गावाला उभे करायचे, हे तंत्र सावित्रीबाईंच्या लिहिण्यातच होते. सुषमाबाईंच्या नाटकाची घडणही अशीच आहे. सावित्रीबाई प्रेक्षकांशी बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यातून जोतिराव, सासरे, शेजारी, विरोधक उभे राहतात आणि विरून जातात. विषयाला साजेसा आकार विषयातच शोधायचा, हे चांगल्या नाटककाराचे लक्षण मानले जाते. इथे ते ठळकपणे आहे.

आकाराचा दुसरा भाग म्हणजे या नाटकाने काय काय नाकारले. नेपथ्य नाकारले, पात्रांचा संच नाकारला, नाट्यगृहाची सक्तीही नाकारली. एखाद्याला ही काटकसर वाटेल. पण मराठी व्यावसायिक नाटक कसे चालते ते पाहिले की हा निर्णय लेखनाचाच भाग होता हे पटते. मोठे नाटक गावात यायचे तर ट्रकभर सामान हवे, रंगमंचाची मोजमापे हवीत, तिकीट विकणारी व्यवस्था हवी. पनवेलसारख्या गावात आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह उभे राहिले म्हणून शहराची सोय झाली. पण तालुक्यातल्या पाड्यावरच्या किंवा खाडीकाठच्या गावातल्या बाईला संध्याकाळची एसटी धरून, तिकीट काढून, रात्री उशिरा परत जाणे आजही अवघड आहे. सावित्रीबाईंची गोष्ट जिला सर्वांत आधी ऐकवायला हवी ती हीच बाई. म्हणून शाळेच्या पडवीत, देवळासमोर, सभेच्या मांडवात, दिवसाउजेडी होऊ शकेल असे नाटक लिहायचे, तर संहिता तशी लिहावी लागते. प्रकाश मालवण्यावर प्रसंग संपवता येत नाही, पडद्यावर अंक संपवता येत नाही, पार्श्वसंगीतावर भावना सोपवता येत नाही. एका प्रसंगातून दुसऱ्यात जाण्याचा सगळा भार वाक्यावर, आवाजावर आणि शरीराच्या वळण्यावर पडतो. हे वाक्य लिहिताना लिहिणारीला स्वतः तिथे उभे राहायचे असते, त्यामुळे कागदावर चांगले दिसणारे पण तोंडात न बसणारे वाक्य तिच्या हातून टिकत नाही. अभिनय ही लेखनाची पद्धत आहे असे मी वर म्हटले, ते या अर्थाने.

यावर पहिली हरकत अशी येते की एकपात्री प्रयोग म्हणजे नाटक नव्हे. नाटकाला दोन इच्छांचा संघर्ष लागतो, दोन माणसे समोरासमोर लागतात. एकटे माणूस बोलत राहिले तर ते कथाकथन झाले, फार तर कीर्तन झाले. या हरकतीत तथ्य आहे, म्हणून तिला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. मराठीत पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ आणि लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ही एकपात्री प्रयोगाची सर्वांत लोकप्रिय उदाहरणे. दोन्हींत सादर करणारा माणूस निरीक्षक आहे. तो अनेक माणसांच्या लकबी दाखवतो आणि त्या लकबींतला त्याचा आनंद हाच प्रयोगाचा गाभा असतो. ‘व्हय, मी सावित्रीबाई’मध्ये बोलणारी बाई निरीक्षक नाही. जे घडले ते तिच्यावर घडले आहे आणि तिने काय केले याचा जाब तिला द्यायचा आहे. इतरांच्या भूमिका ती करते त्या हुबेहूब नकलेसाठी नाहीत. सासरा घरातून निघून जायला सांगतो, ते वाक्य सुनेच्या तोंडून येते तेव्हा त्या एका वाक्यात सासऱ्याची भीती आणि सुनेची जखम दोन्ही ऐकू येतात. दोन इच्छांचा संघर्ष इथे दोन शरीरांत वाटलेला नाही, एका शरीरात आहे, इतकाच फरक. आणि प्रेक्षक हेही या नाटकातले पात्र आहे. सावित्रीबाई त्यांना सरळ विचारतात, त्यांच्याकडे पाहून थांबतात. कीर्तनाशी नाते आहेच, ते लपवायचे कारण नाही. पण कीर्तनकार स्वतः संत होत नाही. तो संताविषयी बोलतो. इथे नटी पात्र होते आणि पात्रच बोलते. याहून पक्का पुरावा हवा असेल तर तो असा, की पुढे दुसऱ्या, तरुण अभिनेत्रींनी हा प्रयोग केला आणि तो उभा राहिला. जे केवळ एका सादरकर्तीच्या व्यक्तिमत्त्वावर चालते ते तिच्याबरोबर थांबते. दुसरीच्या तोंडी गेल्यावरही जे चालते त्याला संहिता म्हणतात.

दुसरी हरकत प्रचाराची. सावित्रीबाई थोर होत्या, मुलींनी शिकले पाहिजे, जात वाईट आहे, हे सांगण्यासाठी नाटक कशाला, भाषण पुरे, असा तिचा आशय. तिला फार वेळ द्यावा असे मला वाटत नाही, कारण महाराष्ट्रात नाटक आणि समाजसुधारणा यांची जोडी अगदी मुळापासूनची आहे. जोतिराव फुल्यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते स्वीकारले नाही, आणि ते छापून वाचकांसमोर यायला 1979 उजाडले. भाषणे करता येत असताना जोतिरावांना नाटक लिहावेसे वाटले, कारण जोशी आणि कुणबी समोरासमोर बोलताना दाखवले की फसवणूक कशी चालते ते डोळ्यांना दिसते. सावित्रीबाईंवरचे नाटक त्याच घराण्यातले आहे. उपदेश आणि नाटक यांतला फरक विषयाने ठरत नाही, पात्राला शंका घेण्याची मोकळीक आहे का याने ठरतो. मूल न झालेली, भोवतालच्यांच्या बोलण्याने दुखावणारी, नवऱ्याशी बोलताना हसणारी, थकणारी सावित्रीबाई प्रेक्षकाला भेटते तेव्हा तसबिरीतली सावित्रीबाई मागे पडते. फुलांचा हार घालून विसरून जाता येईल अशी मूर्ती करणे सोपे होते. तसे झाले नाही, यात नाटककाराची शिस्त आहे.

तिसरी हरकत इतिहासाच्या बाजूने येते आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. सावित्रीबाईंच्या आयुष्याची पक्की साधने मर्यादित आहेत: जन्म 1831 चा नायगावचा, 1848 ची भिडे वाड्यातली शाळा, 1863 चे बालहत्या प्रतिबंधक गृह, 1890 मध्ये जोतिरावांच्या अंत्ययात्रेत स्वतः हाती धरलेले टिटवे, 1897 मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना आलेला मृत्यू. ‘काव्यफुले’ आणि ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ हे संग्रह आहेत, पत्रे आहेत, सहकाऱ्यांनी मागाहून सांगितलेल्या आठवणी आहेत. यांच्यामध्ये मोठ्या मोकळ्या जागा आहेत. नाटककार त्या भरते, आणि भरलेले आणि सापडलेले यांतला फरक प्रेक्षकाला कळत नाही. एकदा हजारो मुलींनी ते ऐकले की तेच इतिहास म्हणून रूढ होते. हा धोका खरा आहे. पण पर्याय काय होता तेही पाहू. नाटक आले तेव्हा शाळेच्या पुस्तकांत सावित्रीबाई जोतिरावांच्या धड्यातल्या एखाद्या वाक्यापुरत्या असत. मोकळी जागा मोकळी ठेवली तर ती तशी राहत नाही. तिथे जुनी समजूत बसते, की नवऱ्याने शिकवले आणि बायकोने ऐकले. प्रथमपुरुषी नाटक या समजुतीला सरळ धक्का देते, कारण ‘मी’ म्हणणाऱ्या बाईला निर्णय घ्यावेच लागतात. आणि प्रथमपुरुषात एक प्रामाणिकपणाही आहे. समोर उभी बाई सावित्रीबाई नव्हे, सावित्रीबाईंची भूमिका करणारी आजची अभिनेत्री आहे, हे प्रत्येक प्रेक्षकाला दिसत असते. अंगावर काही न घेता सगळे जाणल्याच्या सुरात बोलणाऱ्या चरित्रापेक्षा ही तडजोड मला अधिक उघड वाटते. तरीही संहितेच्या छापील आवृत्त्यांना साधनांची टिपणे जोडली पाहिजेत. तेवढी मागणी इतिहासकारांनी जरूर करावी.

सुषमाबाईंचे दुसरे महत्त्वाचे नाटक म्हणजे ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’. ते तमाशातल्या कलावंत स्त्रीचे आहे, आणि तमाशातल्या बायकांशी झालेल्या ओळखीतून, त्यांच्या बोलण्यातून ते घडले. सावित्रीबाईंच्या बाबतीत आदराची अडचण होती. लावणी नाचणाऱ्या बाईच्या बाबतीत अडचण नेमकी उलट आहे. तिला महाराष्ट्र टाळ्या देतो, शिट्ट्या देतो, दौलतजादा देतो, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांसारखी असेल तर पुढे राष्ट्रपती पदकही देतो. बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिलेल्या विठाबाईंची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. ती सांगताना त्या वेळी त्या बाईच्या मनात काय चालले असेल हा प्रश्न मात्र बाजूला ठेवतो. नाटकाच्या नावातच दोन दावे शेजारी ठेवले आहेत. लेक जिला ‘आईची गोष्ट’ समजते ती आईच्या लेखी तिच्या स्वतःच्या आठवणी आहेत, आणि त्या तिच्या मालकीच्या आहेत. सावित्रीबाईंनंतर लावणीवाली हा क्रम पाहून काहींना तो विसंगत वाटला तर नवल नाही. मला मात्र त्यातच या नाटककाराचा विचार दिसतो. एक पूज्य, दुसरी बदनाम, पण दोघींविषयी बोलतात ते इतर लोकच. पुढच्या ‘बया दार उघड’मध्ये हाच शोध संत स्त्रियांपर्यंत जातो. जनाबाई स्वतःची ओळख नामदेवांची दासी म्हणून देते, सोयराबाई चोखोबांची पत्नी म्हणून. मुक्ताबाईला आपण ज्ञानदेवांची बहीण म्हणूनच आधी ओळखतो. बहिणाबाईने तर आपले आत्मचरित्रच अभंगांत सांगून ठेवले आहे, आणि नवऱ्याच्या मारहाणीचे उल्लेख त्यात आहेत. या स्त्रियांच्या रचना आपण देवघरात म्हणतो. नाटकात त्या रचनांमागच्या बाया बोलू लागतात.

इथे चौथी हरकत उभी राहते, आणि ती आजच्या काळातली आहे. शहरातल्या, शिकलेल्या अभिनेत्रीने तमाशातल्या बाईच्या, दलित संत स्त्रीच्या तोंडून ‘मी’ म्हणावे का? ज्यांचे जगणे आहे त्यांनीच ते सांगावे, हा आग्रह दलित आणि भटक्या समाजातल्या लेखकांनी मोठी किंमत देऊन मिळवलेला आहे, आणि त्याला बगल देणारे उत्तर चालणार नाही. सुषमाबाईंचे उत्तर त्यांच्या कामातच सापडते. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ या 2003 मध्ये ग्रंथालीने काढलेल्या आत्मकथनाला त्यांनी रंगमंचावर आणले, तेव्हा त्या स्वतः त्यात उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी दिग्दर्शन केले आणि तीन तरुण अभिनेत्रींकडे ती एक बाई सोपवली. तिघी मिळून ऊर्मिला होतात, तिघी मिळून आई होतात, शेजारणी होतात. बोलले जाणारे शब्द ऊर्मिलाबाईंच्या पुस्तकातले. ‘व्हय, मी सावित्रीबाई’मध्ये एक अभिनेत्री सगळ्यांच्या भूमिका करते; ‘आयदान’मध्ये एका बाईची भूमिका अनेक अभिनेत्री करतात. हा बदल लहान नाही. जिथे लेखिका स्वतः हयात आहे, तिने स्वतः लिहिले आहे, तिथे ‘मी’ कुणा एकीच्या मालकीचा होऊ नये याची ही काळजी आहे. आणि सावित्रीबाईंच्या किंवा जनाबाईंच्या बाबतीत, जिथे सांगायला त्या स्वतः येऊ शकत नाहीत, तिथे कोणीतरी उभे राहणे आणि न राहणे यांत उभे राहणेच बरे, असे मला वाटते. अट इतकीच की उभे राहण्याआधी ऐकलेले असावे. या नाटकांमागे वाचन आहे, प्रवास आहे, बायकांबरोबर घालवलेला वेळ आहे, आणि तो वाक्यांच्या बोलीतून जाणवतो. हरकत यामुळे पूर्ण संपत नाही. प्रत्येक नव्या प्रयोगात ती पुन्हा विचारली जावी आणि उत्तर पुन्हा द्यावे लागावे, यातच त्या नाटकांचे भले आहे.

अभिनेत्री म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्या बाजूला प्रशंसेची उणीव नाही. देवाशिष माखिजा यांच्या 2017 च्या ‘अज्जी’ या हिंदी चित्रपटात त्या मध्यवर्ती भूमिकेत होत्या. झोपडपट्टीत शिवणकाम करणारी म्हातारी, नातीवर अत्याचार झाल्यानंतर ज्या वाटेने जाते तिची ती गोष्ट. आयुष्यभर बोलणाऱ्या बायका रंगवलेल्या अभिनेत्रीच्या वाट्याला इथे फार थोडे बोलणे आले होते. तरी ती आजी काय ठरवते आहे हे तिच्या चालण्यातून, सुऱ्यावर स्थिरावलेल्या हातातून, पाहण्यातून कळत जाते. चित्रपट सगळ्यांना पटेल असा नाही. सूडाच्या शेवटाविषयी माझेही मतभेद आहेत. पण एकपात्री नाटकांतले यश केवळ शब्दांवर उभे होते अशी कोणाची समजूत असेल, तर ती या भूमिकेने दूर व्हावी. जिला शब्दांवाचून इतके सांगता येते, तिने लिहिलेला शब्द गरजेपुरताच असणार.

आता हे सगळे पनवेलच्या वाचकासमोर ठेवण्याचे कारण. पनवेलमध्ये रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय महात्मा फुल्यांच्या नावाने आहे, आणि नाट्यगृह वासुदेव बळवंत फडक्यांच्या नावाने. फडके इथून जवळच्या शिरढोणचे, जन्म 1845 चा. 1876-77 च्या दुष्काळात लोकांचे हाल पाहून ते बंडाकडे वळले. 1877 च्या एप्रिलमध्ये सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतिरावांना लिहिले ते पत्र याच दुष्काळाचे. एकाच उपासमारीने एकाला शस्त्राकडे नेले आणि दुसरीला अन्नछत्राकडे. दोन्ही गोष्टी महाराष्ट्राच्या आहेत. फडक्यांची अटक, खटला, एडनच्या तुरुंगात 1883 मध्ये आलेला मृत्यू, हे शाळेतल्या मुलांना पाठ असते. त्यांच्या पत्नी गोपिकाबाईंनी त्या वर्षांत आणि नंतर काय सोसले, हे कोणाला पाठ नसते. नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा, त्याविरुद्धच्या आंदोलनात 1984 मध्ये जासईला गोळीबार झाला तेव्हा, आणि पुढे विमानतळासाठी गावे उठली तेव्हा या तालुक्यांतल्या आगरी-कोळी बायकांनी काय पाहिले, काय केले, तेही सभांच्या भाषणांत एखाद्या ओळीपुरते येते. फडके आणि या जमिनींच्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांच्या गोष्टी सांगायला वक्ते आहेत. या बायकांच्या गोष्टी सांगायला नटी हव्यात, आणि त्या नटींनी स्वतः लिहायला हवे.

पनवेलला एकांकिका स्पर्धा होतात, महाविद्यालयांतल्या मुली त्यांत उत्तम कामे करतात आणि बक्षिसे घेऊन जातात. त्यांच्या संहिता बहुतेक वेळा दुसऱ्या कोणी लिहिलेल्या असतात. त्या मुलींना माझे सांगणे आहे की पुढची पाने वाचताना सुषमा देशपांडे यांच्याकडे आदर्श व्यक्ती म्हणून पाहू नका, एका कामाची जाणकार म्हणून पाहा. त्यांनी वाक्य कुठे तोडले, दुसऱ्याचा आवाज आपल्या आवाजात कसा आणला, सापडलेली साधने आणि कल्पना यांचा सांधा कुठे ठेवला, हे बारकाईने तपासा. मग आपल्या गावातल्या एका म्हातारीकडे जा, तिला पुरते बोलू द्या, आणि जे ऐकाल ते तिच्या परवानगीने तिच्याच बोलीत लिहा. नाट्यगृह मिळेपर्यंत थांबू नका. पहिला प्रयोग तिच्याच अंगणात करा.

पनवेल